अज्ञान मुलांचा उद्योग आणि कायदा

गेल्या भाद्रपदात आमच्या चाळीतील एक सोळा वर्षांची मुलगी आईला घेऊन माझ्याकडे आली. मुलीच्या हातात तिने स्वतः बनविलेला आकाशकंदील होता आणि आईच्या हातात एका दुकानदाराने दिलेला कागद. दोनशे कंदील, प्रत्येकी 250 रुपये, म्हणजे एकंदर 50,000 रुपयांची मागणी. पैकी 10,000 रुपये आगाऊ मिळावयाचे होते. कागदावर मुलीचे नाव होते आणि खाली सहीची जागा मोकळी होती. “काका, मी सही केली तर चालेल ना?” एवढाच तिचा प्रश्न होता. या पैशातून तिला पुढे चित्रकलेच्या शिक्षणाची फी भरावयाची होती, आणि ते पैसे आपले स्वतःचे असावेत असा तिचा आग्रह होता.

अठरा वर्षे पुरी न झालेल्या व्यक्तीस कायद्याच्या भाषेत ‘अज्ञान’ म्हणतात. हा शब्द ऐकून मुलगी थोडी रागावली, आणि तिचा राग अगदीच गैरवाजवी होता असे मला वाटत नाही. परंतु 1872 च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान व्यक्ती करार करण्यास पात्र नाही, आणि या नियमाचा अर्थ किती कडक आहे हे 1903 साली प्रिव्ही कौन्सिलने ठरवून दिले. कलकत्त्याच्या धर्मदास घोष नावाच्या अज्ञान तरुणाने 1895 साली आपली मालमत्ता 20,000 रुपयांच्या कर्जासाठी एका सावकाराकडे गहाण ठेवली होती. सावकाराच्या वतीने व्यवहार पाहणाऱ्या वकिलाला मुलाच्या वयाची कल्पना होती. पुढे ते गहाणखत रद्द व्हावे म्हणून दावा झाला, आणि निकाल असा लागला की अज्ञानाचा करार मुळातूनच शून्यवत् होय. दिलेली रक्कमही सावकाराला परत मिळाली नाही.

कायद्याचा हेतू मुलाला सांभाळण्याचा आहे, यात शंका नाही. तथापि व्यापारात हेच संरक्षण अडचणीचे होऊन बसते. ज्याच्यावर दावा लावता येत नाही, त्याला माल उधार कोण देणार? आगाऊ रक्कम कोण देणार? शिवाय करार शून्यवत् म्हणजे दोन्ही बाजूंनी शून्यवत्. आमच्या मुलीने दीडशे कंदील तयार करून ठेवले आणि दुकानदाराने ऐन वेळी “नको” म्हटले, तर तिला त्याच्यावर दावा लावता येणार नाही. माल पोचता झाला असेल तर मात्र तिची बाजू बरीच बळकट होते. अज्ञानाने आपल्या वाट्याचे सर्व काही पुरे केले असेल तर त्याला समोरच्याकडून येणे वसूल करता येते, असे मद्रासच्या उच्च न्यायालयाने 1916 साली एका गहाणाच्या प्रकरणात मानले आहे.

दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील आले आणि म्हणाले, “मग तिच्यातर्फे मीच सही करतो.” बहुतेक घरांत हाच उपाय सुचतो. त्यांना मी आपल्या मुंबईतलेच एक प्रकरण सांगितले. राजराणी विरुद्ध प्रेम अदीब हा खटला येथील उच्च न्यायालयात निकालास लागला. एका अज्ञान मुलीला बोलपटात भूमिका देण्याचा करार निर्मात्याने तिच्या वडिलांशी केला होता. पुढे ती भूमिका दुसऱ्या नटीस दिली गेली. न्यायालयाने सांगितले की मुलीला दावा आणता येत नाही, कारण अज्ञानाचा करारच होत नाही; आणि वडिलांनाही येत नाही, कारण काम करावयाचे मुलीने, आणि तिच्या त्या वचनाला कायद्याच्या दृष्टीने मोबदल्याचे मोल नाही. दोघांच्या मध्ये करार निसटून गेला!

यावर तोडगा साधा आहे. आईने किंवा वडिलांनी मुलीच्या वतीने नव्हे, तर स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या जबाबदारीवर कंदील पुरविण्याचा करार करावा. येथे धंदा आईचा होतो. कंदील कोणी बनवावयाचे हा तिचा घरचा प्रश्न. भागीदारी करावयाची झाली तर 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे अज्ञान मुलाला भागीदार होता येत नाही, फक्त सर्व भागीदारांच्या संमतीने फायद्यात सामील करून घेता येते. दोनशे कंदिलांसाठी इतका खटाटोप कशाला?

परंतु कराराची गाठ सुटली की कराची बसते, आणि माझ्या मते खरी गोम येथेच आहे. 1961 च्या प्राप्तिकर कायद्यात 1992 साली असा नियम आला, आणि 2025 च्या नव्या कायद्यानेही तो कायम ठेवला, की अज्ञान अपत्याचे उत्पन्न आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक असेल त्याच्या उत्पन्नात मिळवावयाचे. श्रीमंत पालकांनी मुलांच्या नावे पैसे ठेवून कर चुकवू नये म्हणून ही योजना. मात्र तिला एक मोठा अपवाद आहे. मुलाने अंगमेहनतीने, किंवा स्वतःचे कौशल्य, बुद्धी वा विशेष ज्ञान वापरून मिळविलेले उत्पन्न त्याचे स्वतःचेच राहते. घाऊक बाजारातून वडिलांच्या पैशाने तयार कंदील आणून विकले, तर या अपवादाचा आधार मिळणे कठीण. स्वतः कामट्या बांधून, कागद कापून केले, तर मिळतो. फरक किती पडतो पाहा. एक लाख रुपये नफा तीस टक्क्यांच्या टप्प्यातील वडिलांच्या उत्पन्नात गेला, तर उपकरासह 31,200 रुपये कर होतो. तोच मुलीचा स्वतःचा असेल आणि तिला दुसरे उत्पन्न नसेल, तर कर शून्य.

आता पेच लक्षात आला असेल. करारासाठी आई पुढे हवी, करासाठी मुलगी. सर्व नफा आईच्या नावाने जमा झाला तर तो आईचाच, आणि मुलीच्या कौशल्याचा उल्लेखही कोठे राहात नाही. म्हणून आईने तिला प्रत्येक कंदिलामागे मजुरी द्यावी, ती मुलीच्या बँकेतील खात्यात जमा करावी, आणि आपल्या हिशेबात खर्च म्हणून दाखवावी. मजुरीचा दर बाहेरच्या कारागिराला देऊ तितपत असावा. नातेवाईकाला वाजवीपेक्षा जास्त दिलेली रक्कम कर-अधिकारी खर्चातून वगळू शकतो. दहा वर्षांवरील मुलांना बचत खाते स्वतः चालविण्याची मुभा बँका देऊ शकतात, आणि अज्ञानासही पॅन क्रमांक पालकांमार्फत मिळतो. कोणत्या दिवशी किती कंदील केले याची वही ठेवावी. कौशल्याचा पुरावा मागितला तर तीच उपयोगी पडेल. एक बारकावा असा की ही कमाई ठेवीत गुंतविली, तर तिच्यावरचे व्याज मात्र पालकांच्याच उत्पन्नात धरले जाते.

वस्तू व सेवा कराची चिंता एवढ्या लहान उलाढालीत सहसा नसते. माल परराज्यात पाठवावयाचा असेल तर मात्र मर्यादेच्या आत असूनही नोंदणी लागू शकते, हे आधी विचारून घ्यावे. कंदिलाऐवजी चिवडा-चकली असती, तर अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी थोड्या विक्रीलाही लागली असती.

जाता जाता मुलगी म्हणाली, “कागद चिकटवायला मैत्रिणीचा धाकटा भाऊ येणार आहे, त्याला रोजचे पन्नास रुपये देऊ.” तो बारा वर्षांचा होता. मी तेथेच थांबविले. 2016 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे हा गुन्हा आहे. शाळा सुटल्यावर आपल्या स्वतःच्या घरच्या, धोका नसलेल्या धंद्यात हातभार लावण्याची तेवढी सवलत आहे. शेजारचे घर त्यात येत नाही.

शेवटी आईने सही केली. मुलीने विचारले, “काका, मी अठराची झाल्यावर आजवर केलेले कागद मान्य केले की झाले ना?” तसे होत नाही. अज्ञानपणी केलेला करार सज्ञान झाल्यावर नुसत्या संमतीने जिवंत होत नाही. नव्या मोबदल्यावर नवाच करावा लागतो. पॅनची नोंद बदलून घ्यावी लागते, आणि बँकेत नव्याने सही द्यावी लागते. तिचा वाढदिवस माघात येतो. त्यापुढच्या दिवाळीची मागणी तिच्या स्वतःच्या नावाने घ्यावयाची, असे तिने दुकानदाराला आताच सांगून ठेवले आहे.