काटा शून्यावर, इंजिन बंद

गाडी चालू असताना वेगाचा काटा एकाएकी शून्यावर येऊन बसतो आणि पुढच्या सिग्नलला क्लच दाबला की इंजिन बंद पडते. हे दोन बिघाड की एकच? आमच्या 2004 सालच्या छोट्या पेट्रोल गाडीने हा प्रश्न उभा केला, तेव्हा उत्तरे भराभर मिळाली. एकाने स्पार्क प्लग बदलले, दुसऱ्याने पेट्रोलचा फिल्टर बदलला, तिसऱ्याने मीटरच नवा टाकायला सांगितले. काटा तरीही पडत राहिला आणि गाडी बंदही पडत राहिली. शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी नेली आणि ते काय करतात ते दिवसभर शेजारी बसून पाहिले.

बॉनेटला हात लावण्याआधी त्यांनी विचारले, "कवा बंद पडत्या? पळताना का थांबताना?" थांबताना, मी म्हणालो. "परत लगेच चालू हुत्या?" हो, पहिल्याच चावीला.

एवढ्या दोन उत्तरांत निम्मे संशयित बाद झाले. पेट्रोलचा पंप दम टाकत असेल तर गाडी चढावर, भर वेगातही मार खाते. क्रँकचा सेन्सर तापून बिघडत असेल तर इंजिन कुठेही बंद पडते आणि बरेचदा थंड होईपर्यंत उठत नाही. फक्त वेग कमी होताना बंद पडणारी आणि लगेच सुरू होणारी गाडी वेगळ्या जागी बोट दाखवते. पाय ॲक्सिलरेटरवरून निघाल्यावर इंजिनला जो थोडासा श्वास मिळायला हवा, तो वेळेवर मिळत नसतो.

तिसरा प्रश्न मला सुचला नसता. काटा पडतो तेव्हा किलोमीटरचे आकडे पुढे सरकतात का? ते पाहायला ते स्वतः गाडी घेऊन निघाले. कावळा नाक्यावरून तावडे हॉटेलकडे, तिथून हायवेला. गाडी चांगली तापल्यावर काटा पडला आणि आकडेही थांबले. म्हणजे मीटरमधला काटा हलवणारा भाग दोषी नव्हता. मीटरपर्यंत बातमीच पोचत नव्हती. परतीच्या वाटेवर दाभोळकर कॉर्नरला सिग्नल लागला आणि इंजिनही बंद पडले. मिस्त्रींचा चेहरा खुलला. आजार त्यांच्या डोळ्यांदेखत झाला होता.

ही बातमी निघते कुठून? पद्मिनी, ॲम्बेसेडरच्या काळात गिअरबॉक्समधून एक केबल निघून थेट मीटरच्या पाठीत शिरायची. तिच्या टोकाला फिरणारा लोहचुंबक आणि त्याला न चिकटता त्याच्यामागे ओढली जाणारी धातूची वाटी, अशी ती रचना. ओटो शुल्त्से या जर्मन माणसाने 1902 साली तिचे पेटंट घेतले आणि शंभर वर्षे जगभरच्या गाड्यांचे काटे त्यावर हलले. केबल कोरडी पडली किंवा कुठे मुरडली की काटा थरथरायचा. तुटली की काटा आणि आकडे दोन्ही ठप्प. त्या मीटरचा इंजिनाशी काही संबंध नव्हता. काटा मेला तरी इंजिन मजेत चालायचे.

कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शनची इंजिने आली तेव्हा हे नाते बदलले. आमच्या गाडीत केबल नाही. गिअरबॉक्सवर अंगठ्याएवढा सेन्सर बसवलेला आहे, त्याला तीन तारा: एक बारा व्होल्टची, एक अर्थची, एक सिग्नलची. आत चक्र फिरले की सिग्नलच्या तारेवर ठोके पडतात. जपानी धाटणीच्या गाड्यांत हिशोब जुन्या केबलचाच राहिला: ताशी 60 किलोमीटरला मिनिटात 637 फेरे. एका फेऱ्याला चार ठोके धरले, तर किलोमीटरमागे 2548. ही तार पुढे फुटते. एक फाटा मीटरकडे जातो, दुसरा इंजिनाच्या संगणकाकडे, ज्याला गॅरेजात सगळे ईसीएम म्हणतात.

ईसीएमला वेग कशाला हवा? गाडी अजून धावते आहे आणि चालकाने पाय काढला आहे, हे कळले की बऱ्याच गाड्यांत ईसीएम इंजिनाचे फेरे हळूहळू खाली आणतो आणि हवेची बारीक वाट थोडी उघडी ठेवतो. ठोके आले नाहीत तर गाडी उभीच आहे असे तो धरून चालतो. मग फेरे वरून कोसळतात, त्यांना सावरायला हवा कमी पडते आणि इंजिन गप्प होते. काटा आणि इंजिन यांचा संबंध लागतो तो इथे.

आता कुणीही म्हणेल, सेन्सर बदला. मिस्त्रींनी बदलला नाही, आणि मला त्यांच्या कामातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. त्यांनी मागच्या चाकांना ओट लावली, हँडब्रेक ओढला, पुढचे एक चाक जॅकवर उचलून खाली घोडी सरकवली. गिअर न्यूट्रल, चावी ऑन. एअर फिल्टरचा डबा काढल्यावर सेन्सरचा कपलर दिसला. तो न काढता मागच्या बाजूने सिग्नलच्या तारेलगत टाचणी घातली आणि मल्टीमीटर लावला. बारा व्होल्ट येत होते, अर्थ पक्का होता. "फिरव रे चाक, सावकाश." हाताखालच्या पोराने चाक फिरवले. पाच, शून्य, पाच, शून्य. दुसरे चाक जमिनीवर असले की हाताने दिलेल्या एका फेऱ्यात दोनेक ठोकेच पडतात, त्यामुळे साध्या मल्टीमीटरवरही ते मोजता येतात.

सेन्सर निर्दोष होता. मग मिस्त्रींनी तारांचा जुडगा धरला आणि कपलरपासून वर बोटाबोटाने हलवत गेले. ब्रॅकेटजवळ आले आणि पाच व्होल्ट गायब. सोडले, परत आले. दाबले, गेले. टेप सोलून ती तार हातात दिली तेव्हा वरचे आवरण अखंड होते. वाकवल्यावर मात्र आत काही नाही हे बोटांना कळले. फोल शेंग असते तशी ती तार होती, वरून भरलेली आणि आत पोकळ. तांब्याचे केस तुटून काळे पडले होते. थंड असताना टोके एकमेकांना टेकत आणि गरम झाल्यावर सुटत.

सेन्सर बदलला असता तर काय झाले असते? कपलर काढताना तार हलली असती, टोके पुन्हा टेकली असती, गाडी काही दिवस ठीक चालली असती आणि नव्या सेन्सरला श्रेय मिळाले असते. वायरिंगच्या बिघाडात हा धोका नेहमीच असतो. नुसता हात लागल्यानेही तो तात्पुरता बरा होतो.

तार तिथेच का तुटली, हेही त्यांनी शोधले. पोराला रेस द्यायला सांगून ते इंजिनाकडे बघत राहिले. इंजिन नको इतके डुलत होते. माउंटिंगचे रबर चिरले होते. प्रत्येक पिकअपला, प्रत्येक ब्रेकला इंजिन हलायचे आणि तार ब्रॅकेटपाशी मुडपायची. मिस्त्रींनी माउंटिंग बदलले आणि तारेचा खराब तुकडा कापून नवा जोडला. सांधा मुडपण्याच्या जागेपासून लांब घेतला आणि थोडी तार ढिली सोडली. डाग दिलेली जागा कडक होते आणि हलत्या ठिकाणी असेल तर तिच्या कडेलाच पुन्हा तुटते. मग मल्टीमीटर लावून तोच जुडगा तितक्याच जोराने पुन्हा हलवला. पाच व्होल्ट जागचे हलले नाहीत.

हवेची ती बारीक वाट जिथे असते त्या थ्रॉटल बॉडीत कार्बन असणार हे त्यांना ठाऊक होते, तरी ती लगेच उघडली नाही. आधी फक्त तार आणि माउंटिंग एवढ्यावर गाडी रस्त्यावर काढली. काटा नीट चालला. सिग्नलला इंजिन बंद पडले नाही, पण फेरे एकदम खाली जाऊन कसेबसे सावरले. परत आल्यावर थ्रॉटल बॉडी काढली. पाकळीच्या कडेला आणि बाजूच्या हवेच्या वाटेत काळा थर होता. स्प्रे मारून, जुन्या ब्रशने तो साफ केला. त्यानंतरची फेरी मला फार आवडली: सेन्सरचा कपलर मुद्दाम काढून गाडी फिरवली. काटा शून्यावर, तरी इंजिन थांबताना बंद पडले नाही.

म्हणजे निदान असे झाले. तार शाबूत असती तर इंजिनाने कार्बन सोसला असता. वाट स्वच्छ असती तर तुटलेली तारही सोसली असती. दोन्ही एकत्र आले तेव्हा ते कोलमडले. तार आणि सफाई एकदमच उरकली असती तर हे कधी कळले नसते.

इतक्या जुन्या गाड्यांत स्कॅनरवर फार भिस्त ठेवता येत नाही. आपल्याकडे गाडीने स्वतःचे दोष नोंदवण्याची सक्ती बीएस-4 बरोबर 2010 पासून आली आणि तिचा पुढचा टप्पा 2013 पासून. त्याआधीच्या कित्येक गाड्या बाजारातल्या स्वस्त स्कॅनरशी बोलतच नाहीत. अधूनमधून सुटणाऱ्या तारेसाठी इंजिनाचा दिवाही दरवेळी लागत नाही.

असा बिघाड अंगावर काढू नका. इंजिन बंद पडले की ब्रेकची मदत एकदोन दाबांत संपते, पेडल दगडासारखे होते आणि पॉवर स्टिअरिंग जड होते. उतारावर हे झाले तर घाबरून पाय वरखाली करू नका, एकदाच जोर लावून ब्रेक धरून ठेवा. गॅरेजला जाल तेव्हा कोणता पार्ट बदलायचा ते सांगू नका. गाडी गरम होती की थंड, धावत होती की थांबत होती, आकडे सरकत होते की नाही, एवढे लिहून न्या. आणि शक्य असेल तर मिस्त्रींना शेजारी बसवून गाडी एकदा बंद पडू द्या.