गरोदरपणातील डोकेदुखी : आधी बीपी मोजा, मग गोळीचे बघा

गरोदर बाई "डोकं ठणकतंय" म्हणाली की घरात उत्तरे तयार असतात. उन्हात गेलीस म्हणून. रात्री मोबाईल बघत बसलीस म्हणून. कोणाची तरी नजर लागली म्हणून. मग कपाळाला बाम चोळतात, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून एक गोळी आणतात आणि विषय मिटतो.

बऱ्याच वेळा तो खरोखरच मिटतो, कारण गरोदरपणातली बहुतेक डोकेदुखी साधी असते. पण काही बायांना हीच डोकेदुखी रक्तदाब वाढल्यामुळे होत असते. ती ओळखायला उशीर झाला तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतते. दुखणाऱ्या बाईला हा फरक कळत नाही, सासूला किंवा शेजारणीला तर नाहीच नाही. तो कळतो बीपीच्या यंत्राने आणि लघवीच्या तपासणीने. दोन्ही तपासण्या पाच-दहा मिनिटांच्या आहेत आणि सरकारी केंद्रात फुकट होतात. म्हणून साधे दुखणे कोणते, घरी काय करायचे आणि केव्हा क्षणभरही थांबायचे नाही, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे.

साधी डोकेदुखी कशाने होते?

पहिल्या तीन-चार महिन्यांत शरीरातील संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स, झपाट्याने बदलतात. अंगातले रक्तही हळूहळू वाढू लागते. त्याने काहींचे डोके जड होते. त्यात उलट्या होत असतील तर अंगातले पाणी कमी होते, पोट रिकामे राहते आणि दुखणे वाढते.

पाण्याचे आणखी एक कारण आपल्या वस्त्यांमध्ये घरोघरी दिसते. सार्वजनिक शौचालय लांब, रात्री तिकडे जायची भीती, म्हणून कितीतरी बाया संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. कामावर शौचालयाची सोय नसते, म्हणून दिवसाही पीत नाहीत. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. अशाने डोके दुखते, शिवाय लघवीच्या मार्गाला जंतुसंसर्ग होतो तो वेगळाच. रात्री सोबतीला कोणी तरी जाणे हे घरच्यांचे काम आहे.

झोप हे दुसरे मोठे कारण. पहाटे नळाला पाणी येते म्हणून उठायचे, दिवसभर धुणीभांडी किंवा बिगारी काम करायचे आणि रात्री सगळ्यांचे आवरून झोपायचे. अशा बाईची मान आणि खांदे आखडतात आणि दुखणे मानेतून वर कपाळापर्यंत चढते. शिलाई मशीनवर तासन्‌तास वाकून बसणारीचेही तसेच होते.

चहाचेही असते. दिवसाला सहा-सात कप पिणारीने गरोदर राहिल्यावर चहा एकदम सोडला तर दोन-चार दिवस डोके धरते. चहा हळूहळू कमी करून दिवसाला दोन लहान कपांवर आणावा. मिश्रीची गोष्ट वेगळी आहे. मिश्री लावली नाही की डोके दुखते, म्हणून काही बाया ती सोडत नाहीत. पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातले निकोटिन बाळापर्यंत पोहोचते आणि बाळ कमी वजनाचे जन्मते. सोडताना पहिले काही दिवस त्रास होतो, नंतर तो जातो.

रक्त कमी असणे हेही कारण असते. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असे समजतात. जिना चढताना धाप लागणे, चक्कर येणे, डोळ्यांच्या खालच्या पापण्या आतून फिकट दिसणे ही त्याची लक्षणे. याशिवाय सर्दीने कपाळ भरणे, चष्म्याचा नंबर बदलणे, बंद खोलीत चुलीचा किंवा मच्छर कॉईलचा धूर कोंडणे, यांनीही डोके दुखते. ज्यांना आधीपासून अर्धशिशी आहे, त्यांच्यापैकी पुष्कळ जणींचा त्रास चौथ्या महिन्यापासून कमी होतो.

घरी काय करावे?

आधी दोन ग्लास पाणी प्यावे आणि काही तरी खावे. भाकरी-भाजी, भाजलेले चणे, शेंगदाणे-गूळ, केळे, जे घरात असेल ते. गरोदरपणात उपाशी राहू नये, दर तीन-चार तासांनी थोडे थोडे खावे. नंतर अंधाऱ्या, शांत जागी डाव्या कुशीवर अर्धा-एक तास पडावे. कपाळावर गार पाण्याची घडी ठेवावी. मान-खांदे आखडले असतील तर कोमट पाण्याच्या फडक्याने शेकावे, हलक्या हाताने चोळून घ्यावे. पाण्याची भरलेली हंडी-कळशी उचलणे दुसऱ्या कोणाकडे तरी द्यावे.

सरकारी केंद्रातून मिळणाऱ्या गोळ्या चुकवू नयेत. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज एक आणि कॅल्शियमची रोज दोन अशा मिळतात. या दोन्ही एकाच वेळी घेऊ नयेत, किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. लोहाची गोळी चहासोबत घेतली तर ती अंगी लागत नाही. कॅल्शियम जेवणासोबत घ्यावे. आहारात कॅल्शियम कमी असलेल्या बायांना या गोळ्यांमुळे रक्तदाबाच्या त्रासापासूनही संरक्षण मिळते, म्हणून "हाडं दुखत नाहीत, मग कशाला" असे म्हणून त्या डब्यात पडू देऊ नयेत.

मेडिकलमधून गोळी आणण्यापूर्वी

"डोकेदुखीची गोळी द्या" असे सांगून मिळेल ती गोळी गरोदर बाईला कधीही देऊ नये. दुकानात ती गरोदर आहे हे सांगितलेच नाही तर दुकानदाराला कसे कळणार?

कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन असते, डिस्प्रिनमध्ये ॲस्पिरिन असते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशी दुखणे मारणारी औषधे गरोदरपणात स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. विशेषतः पाचव्या महिन्यानंतर त्यांच्यामुळे बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भाशयातले पाणी कमी होऊ शकते. शेवटच्या महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळच्या रक्तवाहिनीलाही धोका असतो. अर्धशिशीच्या काही गोळ्यांमध्ये अर्गोटामीन असते, तेही गरोदरपणात वर्ज्य आहे. जुनी चिठ्ठी दाखवून तीच गोळी पुन्हा आणू नये.

एक अपवाद लक्षात ठेवा. रक्तदाबाचा धोका असलेल्या काही बायांना डॉक्टर स्वतःच कमी ताकदीची ॲस्पिरिन रोज घ्यायला सांगतात. ती डॉक्टरांनी सांगितली असेल तर भीतीने बंद करू नये.

गोळी लागलीच तर पॅरासिटामॉल ही त्यातल्या त्यात सुरक्षित मानली जाते. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तासांचे अंतर, आणि तीही सिस्टर किंवा डॉक्टरांना विचारून. एक-दोन दिवसांत थांबले नाही तर गोळ्या वाढवण्याऐवजी दवाखाना गाठावा. बाम लावला की कपाळ थोडे बधिर होते एवढेच. बाम आणि पॅरासिटामॉल, दोघांनीही बीपी उतरत नाही.

पाचवा महिना सरल्यावर

पाच महिने, म्हणजे २० आठवडे, पूर्ण झाल्यावर सुरू झालेली डोकेदुखी साधी आहे असे आधीच धरून चालू नये. याच काळात प्री-एक्लॅम्पसिया नावाचा आजार होऊ शकतो.

बाळाला रक्त पोहोचवणारी वार गर्भाशयात नीट रुजली नाही, तर तिला पुरेसे रक्त मिळत नाही. तिच्यातून आईच्या रक्तात असे घटक उतरतात की सगळ्या अंगातल्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात आणि आवळतात. त्याने बीपी चढते. मूत्रपिंडातून प्रथिने लघवीत गळू लागतात. मेंदूवर ताण आला की डोके दुखते, डोळ्यांवर आला की अंधारी येते, यकृतावर आला की बरगड्यांखाली दुखते. पुढची पायरी म्हणजे झटके.

बीपीचे दोन आकडे असतात. वरचा १४० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा ९० किंवा त्याहून जास्त, यांतला एकही आढळला तरी डॉक्टरांना दाखवावे. १६०/११० पर्यंत गेले तर ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे लागते. हा आजार कोणालाही होऊ शकतो. पहिलटकरीण, जुळी मुले असलेली, आधीच्या खेपेला बीपी वाढलेली, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेली, आईला किंवा बहिणीला हा त्रास झालेली, अशांना धोका जास्त असतो.

आणि एक. बीपी वाढूनही काहींना काहीच जाणवत नाही. म्हणून डोके दुखो न दुखो, प्रत्येक तपासणीला बीपी आणि लघवी बघून घ्यायचीच.

यांतले एकही लक्षण असेल तर सकाळची वाट पाहू नका

- जोराची डोकेदुखी, किंवा विश्रांती आणि गोळीनेही न थांबणारी
- अंधुक दिसणे, डोळ्यांपुढे काजवे चमकणे
- छातीखाली, उजव्या बरगडीखाली दुखणे, सोबत उलटी
- तोंडावर आणि हातांवर अचानक सूज. संध्याकाळी फक्त पाय सुजणे पुष्कळदा साधे असते, पण बोटातली अंगठी रुतू लागली तर बीपी बघावे
- लघवी खूप कमी होणे, धाप लागणे
- बाळाची हालचाल कमी होणे
- एकाएकी, आजवर कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी
- डोकेदुखीसोबत ताप, मान ताठ होणे, हात-पाय लुळा पडणे, बोलताना अडखळणे

पावसाळ्यात तापासह डोके दुखत असेल तर मलेरिया आणि डेंग्यूची तपासणी करून घ्यावी.

झटके आले तर बाईला डाव्या कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या वस्तू बाजूला कराव्यात, आणि लगेच १०८ ला फोन करावा. दातांमध्ये चमचा घालू नये, पाणी पाजू नये, हातपाय दाबून धरू नयेत. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात, अंगारा लावण्यात, "बाहेरचं काही आहे का" हे विचारण्यात जी मिनिटे जातात, ती तिच्या जिवाची मिनिटे असतात. रुग्णालयात मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन असते. त्याने झटके थांबतात आणि पुढचे टळतात.

बाळंतपणानंतरही लक्ष हवे

बाळ झाले म्हणजे धोका संपला असे नाही. प्री-एक्लॅम्पसिया बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत दिसू शकतो, त्यातही पहिला आठवडा जास्त जोखमीचा. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची जुनी रीत काही घरांत अजून आहे. ती मोडलेली बरी. या दिवसांत रक्त घट्ट होण्याकडे कल असतो, पाणी कमी पडले तर मेंदूच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. तिचेही पहिले लक्षण डोकेदुखीच असते. सिझर करताना पाठीत इंजेक्शन दिलेले असेल आणि उठून बसले की डोके दुखते, आडवे झाले की थांबते, असे होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे.

कुठे जायचे, काय विचारायचे?

गावात उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र, शहरात महापालिकेचा दवाखाना आणि प्रसूतिगृह. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायांची मोफत तपासणी होते. पण डोके ९ तारखेची वाट बघून दुखत नाही, त्यामुळे त्रास असेल तर त्याच दिवशी जावे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधे, तपासण्या आणि ने-आण करणारी गाडी मोफत आहे. वाहनासाठी १०२ किंवा १०८ हे क्रमांक आहेत. आशाताईंचा नंबर नवऱ्याच्या आणि सासूच्याही फोनमध्ये हवा.

बीपी मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसावे, लगेच चालून किंवा चहा पिऊन मोजू नये. मोजल्यावर "ठीक आहे" एवढ्या उत्तरावर उठू नका. "ताई, वरचा आकडा किती, खालचा किती? लघवीत प्रथिने आहेत का?" असे विचारा आणि दोन्ही गोष्टी माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या. हे विचारणे उद्धटपणा नव्हे, तो तुमचा हक्क आहे. कोणी टाळले तर दुसऱ्या दिवशी कोणाला तरी सोबत घेऊन पुन्हा जा.

तपासणीसाठी अर्धा दिवस कामावर खाडा होतो, पैसे कापले जातात, हे खरे आहे. म्हणून हा खर्च घराने आधीच धरून ठेवावा. रात्री-अपरात्री न्यायची वेळ आली तर कोणाची रिक्षा, घरातल्या मोठ्या मुलाजवळ कोण थांबणार, कार्ड कुठे ठेवले आहे, हे सातवा महिना लागायच्या आत नवरा, सासू आणि सून यांनी एकत्र बसून ठरवावे. आणि ती "डोकं दुखतंय" म्हणाली की तिला पहिला प्रश्न विचारावा : शेवटचे बीपी कधी मोजले होते?