काँगो १९६० : एक देश, दोन महासत्ता आणि एक खाण कंपनी

५ जुलै १९६०. लिओपोल्डव्हिलच्या लष्करी छावणीत जनरल एमिल जान्सेन्स यांनी खडू उचलला आणि फळ्यावर एक समीकरण लिहिले : ‘स्वातंत्र्यापूर्वी = स्वातंत्र्यानंतर’. काँगो बेल्जियमच्या तावडीतून सुटून जेमतेम पाच दिवस झाले होते. पंचवीसेक हजारांच्या त्या सैन्यात एकही काळा अधिकारी नव्हता. हुकूम सोडणारे सगळे बेल्जियन, कवायत करणारे सगळे काँगोली. आपले राज्य आले म्हणजे आपल्याही खांद्यावर फिती चढतील, अशी शिपायांची भाबडी समजूत. जनरलसाहेबांनी ती खडूच्या एका ओळीत पुसून टाकली. त्याच संध्याकाळी बंडाला तोंड फुटले.

बंड, गोऱ्या कुटुंबांवरचे हल्ले, त्यांची पळापळ आणि त्यांना वाचवण्याच्या नावाखाली काँगो सरकारला न विचारता उतरलेले बेल्जियन छत्रीधारी सैनिक, हे सारे आठवड्याभरात घडले. ११ जुलैला दक्षिणेकडच्या कटांगा प्रांताने आपण वेगळे राष्ट्र झाल्याचे जाहीर केले. ऑगस्टमध्ये हिऱ्यांच्या खाणी असलेला दक्षिण कासाई फुटला. स्वातंत्र्याच्या दोन महिन्यांत देशाचे तीन तुकडे.

हा देश लहानसहान नव्हे. तेवीस लाखांहून अधिक चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्र सात वेळा पसरला तरी उरेल इतका. त्या वेळी लोकसंख्या दीड कोटीच्या आसपास, आणि पदवीधर किती? सबंध देशात वीससुद्धा नाहीत. बेल्जियमने रेल्वे घातली, खाणी खणल्या, मिशनऱ्यांकरवी प्राथमिक शाळा काढल्या. पण वकील, इंजिनियर, जिल्ह्याचा कारभार हाकणारा माणूस घडू दिला नाही. मग १९६०च्या जानेवारीत ब्रुसेल्सला गोलमेज परिषद भरवून पाच महिन्यांत गाशा गुंडाळला. हे औदार्य होते असे समजण्याचे कारण नाही. सत्ता गेली तरी चाव्या आपल्याकडेच राहतील, हा त्यामागचा हिशेब.

पंतप्रधान झालेले पॅट्रिस लुमुंबा त्या वेळी अवघे चौतीस वर्षांचे होते. एके काळी टपाल कारकून, नंतर बिअर कंपनीचे विक्रेते. बोलायला उभे राहिले की सभा खिशात. मेच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला १३७ पैकी ३३ जागा मिळाल्या. सर्वांत मोठा पक्ष, पण बहुमतापासून कोसभर दूर. त्यामुळे सरकार कडबोळ्याचे आणि राष्ट्राध्यक्षपदी जोसेफ कासावुबु हे प्रतिस्पर्धी. ३० जूनच्या समारंभात राजे बोदुअँ यांनी बेल्जियमच्या ‘कार्या’चा गौरव केला. त्यावर कार्यक्रमपत्रिकेत नाव नसलेले लुमुंबा उठले आणि फटके, अपमान आणि वेठबिगारीचा पाढा त्यांनी राजासमोरच वाचला. काँगोत रेडिओ ऐकणारे हरखले. ब्रुसेल्सने त्याच दिवशी या माणसावर फुली मारली असावी.

आता कटांगा. तांबे, कोबाल्ट आणि युरेनियम. हिरोशिमावर पडलेल्या बाँबमधल्या युरेनियमचा मोठा भाग इथल्याच शिंकोलोब्वे खाणीतून गेला होता. सगळ्याची मालकी ‘युनियन मिनिएर’ या बेल्जियन कंपनीकडे. काँगोच्या तिजोरीत येणाऱ्या पैशाचा मोठा ओघ इथूनच येई. कटांगाचे पुढारी मोईझ चोंबे यांनी सवतासुभा मांडल्यावर कंपनीने साधी गोष्ट केली : राजधानी लिओपोल्डव्हिलला जाणारा कर कटांगाच्या राजधानीकडे, एलिझाबेथव्हिलकडे वळवला. त्या पैशावर नवे सैन्य उभे राहिले, बेल्जियन अधिकारी नेमले गेले, पुढे दक्षिण आफ्रिका, ऱ्होडेशिया, फ्रान्सकडून भाडोत्री सैनिक आले. एकाही देशाने कटांगाला मान्यता दिली नाही, बेल्जियमनेसुद्धा नाही. पण चोंबे यांच्या कार्यालयात सल्लागार म्हणून बसलेली माणसे बेल्जियनच होती. शिवाय उत्तर कटांगातले बालुबा लोक चोंबे यांना मानत नव्हते आणि तिथे फुटीर राज्यातच दुसरे बंड पेटले होते. ‘कटांगाच्या जनतेचा स्वयंनिर्णय’ असे लंडन-पॅरिसच्या वर्तमानपत्रांत छापून येई, त्यात ही बाब बहुधा नसे.

काँगोच्या संकटाला शीतयुद्धाची शाखा म्हणण्याची सवय आहे. तारखा लावून पाहिल्या तर क्रम उलटा दिसतो. आधी फूट पडली, ती खाणीच्या पैशावर. मॉस्को आणि वॉशिंग्टन तिच्यात नंतर शिरले.

लुमुंबा यांनी प्रथम धाव घेतली ती ‘युनो’कडे. १४ जुलैला सुरक्षा परिषदेने ठराव केला आणि सरचिटणीस दाग हॅमरशोल्ड यांनी काही दिवसांत हजारो सैनिक उतरवले. पण कटांगाची फूट मोडणे हे आपले काम नाही, अशी हॅमरशोल्ड यांची भूमिका. लुमुंबा खवळले. जुलैअखेर ते वॉशिंग्टनला गेले. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी भेट दिली नाही, परराष्ट्रमंत्र्यांवर भागवले. मग त्यांनी सोव्हिएत संघाकडे विमाने मागितली. आली किती? डझन-दीड डझन इल्युशिन मालवाहू विमाने, शंभरेक ट्रक आणि काही तंत्रज्ञ. एवढ्याशा देशाला ती पुरली नसती, मग काँगोची काय कथा! तरी वॉशिंग्टनमध्ये ‘आफ्रिकेतला कॅस्ट्रो’ ही घंटा वाजायला एवढे पुरेसे होते. त्याच विमानांतून कासाईत गेलेल्या सरकारी सैन्याने बाक्वांगा भागात बालुबांची कत्तल केली, आणि लुमुंबा यांच्या शत्रूंच्या हाती आयतेच कोलीत मिळाले.

१८ ऑगस्ट १९६० रोजी आयझेनहॉवर यांच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची बैठक झाली. तिचे टिपण घेणाऱ्या अधिकाऱ्याने पंधरा वर्षांनी सिनेटच्या चर्च समितीपुढे साक्ष दिली : अध्यक्षांचे शब्द आपल्याला लुमुंबा यांना संपवण्याच्या हुकमासारखे वाटले. सप्टेंबरमध्ये सीआयएचे रसायनतज्ज्ञ सिडनी गॉटलिब विष घेऊन लिओपोल्डव्हिलला पोचले. ते अन्नात किंवा टूथपेस्टमध्ये मिसळावे असा बेत होता. तिथले सीआयएचे प्रमुख लॅरी डेव्हलिन यांनी पुढे सांगितले की, आपण ते वापरले नाही, नदीत फेकून दिले. बेल्जियमही मागे नव्हते. ६ ऑक्टोबरला आफ्रिका खात्याचे मंत्री दास्प्रमाँ लिंडेन यांनी धाडलेल्या तारेत लुमुंबा यांचा कायमचा काटा काढणे हे उद्दिष्ट म्हणून लेखी आहे. एवढ्या मोठ्या कारस्थानाचा इतका ठळक कागद सहसा मागे राहत नाही.

दरम्यान ५ सप्टेंबरला कासावुबु यांनी रेडिओवरून पंतप्रधानांना बडतर्फ केले. काही वेळाने लुमुंबा त्याच रेडिओवर आले आणि त्यांनी राष्ट्राध्यक्षांना बडतर्फ केले. संसद लुमुंबांच्या बाजूची. तेव्हा ‘युनो’च्या काँगोतल्या मोहिमेचे हंगामी प्रमुख, अमेरिकन अँड्र्यू कॉर्डियर यांनी शांततेसाठी म्हणून विमानतळ आणि नभोवाणी केंद्र बंद केले. वरवर निर्णय दोघांनाही सारखा. पण कासावुबु यांना नदीपलीकडचे ब्राझाव्हिलचे केंद्र वापरता येत होते. लुमुंबांकडे आवाजाखेरीज शस्त्र नव्हते आणि तोच बंद झाला. १४ सप्टेंबरला काँगोली सैन्यातले कर्नल मोबुटू यांनी सत्ता हाती घेतली. डेव्हलिन यांच्याशी त्यांचे सूत आधीच जुळले होते.

या रणधुमाळीत ८ सप्टेंबरला हॅमरशोल्ड यांचे प्रतिनिधी म्हणून सूत्रे घेतली ती राजेश्वर दयाल या भारतीय मुत्सद्द्यांनी. मोबुटूंचे सरकार बेकायदा आहे, हे त्यांनी आडपडदा न ठेवता अहवालात लिहिले. लुमुंबा घरात अडकलेले. घराभोवती आत ‘युनो’चे कडे, बाहेर मोबुटूंच्या शिपायांचे. आतले कडे दयाल यांनी हलू दिले नाही. पाश्चात्त्य वकिलातींना हा माणूस डोळ्यांत खुपू लागला आणि १९६१च्या मेमध्ये त्यांना पद सोडावे लागले.

२७ नोव्हेंबरच्या रात्री लुमुंबा स्वतःच निसटले. त्यांचा पाया स्टॅन्लेव्हिलला, हजारावर किलोमीटर दूर. वाटेत गावोगावी लोक अडवत, हे थांबून भाषण करत. मोबुटूंच्या माणसांनी सांकुरु नदीजवळ गाठले. १७ जानेवारी १९६१ला त्यांना आणि मोरिस म्पोलो, जोसेफ ओकितो या दोघा सहकाऱ्यांना विमानात मारझोड करत एलिझाबेथव्हिलला, म्हणजे सरळ वैऱ्याच्या दारात नेऊन सोडले. त्याच रात्री बेल्जियन अधिकाऱ्याच्या हुकमाखाली, चोंबे यांच्या मंत्र्यांच्या देखत तिघांना गोळ्या घातल्या. केनेडींच्या शपथविधीला तीन दिवस उरले होते. प्रेते पुढे जेरार सोएत या बेल्जियन पोलीस अधिकाऱ्याने तोडून आम्लात विरघळवली. एक सोन्याने मढवलेला दात मात्र त्याने स्वतःकडे ठेवला. तो दात २०१६ मध्ये जप्त झाला आणि जून २०२२ मध्ये ब्रुसेल्समध्ये लुमुंबांच्या मुलांच्या स्वाधीन करण्यात आला. चर्च समितीने सीआयएचा कट मान्य केला, पण प्रत्यक्ष खुनात हात असल्याचा पुरावा नाही म्हटले. बेल्जियमने २००२ मध्ये माफी मागितली.

मॉस्कोने काय केले? निषेध, आणि नव्या विद्यापीठाला लुमुंबांचे नाव. तिथे शिकून आलेले डॉक्टर, इंजिनियर भारतात पुष्कळ आहेत.

खुनाची बातमी फुटल्यावर सुरक्षा परिषदेने २१ फेब्रुवारीला गृहयुद्ध टाळण्यासाठी शेवटचा उपाय म्हणून बळ वापरण्याची मुभा दिली. काही देश तोवर फौजा काढून घेत होते. नेहरूंनी उलट केले. पाचेक हजारांची ब्रिगेड पाठवली. सप्टेंबर १९६१च्या पहिल्या मोठ्या कारवाईत ‘युनो’ची फजिती झाली. कटांगाकडे फ्रेंच बनावटीचे एक फूगा जेट विमान होते. फक्त एक. ‘युनो’कडे लढाऊ विमानच नसल्याने त्या एकट्याने पुरवठ्याचे रस्ते आणि विमानतळ धाकात ठेवले. तडजोडीसाठी चोंबे यांना भेटायला निघालेल्या हॅमरशोल्ड यांचे विमान १७-१८ सप्टेंबरच्या रात्री उत्तर ऱ्होडेशियातल्या एंडोलाजवळ कोसळले. तो अपघात की घातपात, याची चौकशी ‘युनो’ने पुन्हा उघडली आणि तिला कागद पुरवण्यात बड्या देशांनी हात आखडताच घेतला. भारतीय हवाई दलाची कॅनबेरा विमाने ऑक्टोबरमध्ये आली तेव्हा कुठे आकाशाचा हिशेब बदलला.

५ डिसेंबरला एलिझाबेथव्हिलमध्ये विमानतळाच्या वाटेवरचा अडथळा फोडताना कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया मूठभर गोरख्यांसह खुकऱ्या उपसून कितीतरी मोठ्या तुकडीवर तुटून पडले. मानेला गोळी लागली तरी ते थांबले नाहीत. ‘युनो’च्या मोहिमेत परमवीरचक्र मिळवणारे ते एकमेव.

इथे मराठी वाचकाला दुसरी एक डिसेंबरची तारीख आठवेल. १८ डिसेंबर १९६१ला पुण्याहून उडालेल्या कॅनबेरांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले आणि गोवामुक्तीची कारवाई सुरू झाली. त्याच दिवशी सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे अॅडलाय स्टीव्हन्सन भारताला शांतताभंगाचा जाब विचारत होते. आणि त्याच महिन्यात भारतीय जवान लढत असलेल्या कटांगात ‘युनो’च्या फौजा अमेरिकन ग्लोबमास्टर विमानांतून उतरत होत्या. दोन्हीकडे पोर्तुगाल समोर होता, एकीकडे उघड, दुसरीकडे आडून : कटांगाचे तांबे पोर्तुगीज अंगोलातून बेंगेला रेल्वेने लोबितो बंदरात जाई आणि सालाझारच्या सरकारची चोंबेंना सहानुभूती होती. गोव्यात अमेरिका पोर्तुगालच्या पाठीशी, काँगोत त्याच्या मित्राच्या विरोधात. कारण केनेडींच्या प्रशासनाला कळून चुकले होते की, फुटका काँगो मॉस्कोच्या पथ्यावर पडेल.

१९६२च्या डिसेंबरअखेर मेजर जनरल दिवाण प्रेमचंद यांच्या नेतृत्वाखाली शेवटची कारवाई झाली. ब्रिगेडियर नोरोन्हा यांच्या जवानांनी पूल उडवलेले असतानाही लुफिरा नदी ओलांडली आणि ३ जानेवारीला जादोव्हिल घेतले. त्यांनी नदीशी थांबावे, अशी न्यूयॉर्कच्या ‘युनो’ मुख्यालयाची इच्छा होती. ब्रिगेड पुढे गेल्यावर खुलासा मागायला सरचिटणीस ऊ थांट यांनी माणूस धाडला. जानेवारीत चोंबे यांनी फुटीरपणा सोडला. दीडच वर्षात तेच चोंबे अखंड काँगोचे पंतप्रधान झाले, आणि पूर्वेकडे पेटलेले बंड मोडायला त्यांनी आपले जुने भाडोत्री शिपाई परत बोलावले. या वेळी त्यांना अमेरिकेचे हवाई बळ मिळाले. १९६५ मध्ये चे गव्हेरा शंभरेक क्यूबन घेऊन टांगानिका सरोवरापलीकडून आला, सात महिने झगडला आणि हात हलवत परत गेला. २४ नोव्हेंबर १९६५ला मोबुटू दुसऱ्यांदा सत्तेवर बसले ते १९९७ पर्यंत. अमेरिकेच्या एकामागून एक अध्यक्षांनी त्यांचे स्वागत केले. शीतयुद्ध संपताच त्यांची गरज संपली.

मोबुटूंना घालवले ते शेजाऱ्यांनी, रवांडा आणि युगांडाने. मग १९९८ ते २००३च्या युद्धात अंगोला, झिम्बाब्वे, नामिबिया एका बाजूला, रवांडा-युगांडा दुसऱ्या. २०२५च्या जानेवारीत रवांडाचा पाठिंबा असलेल्या ‘एम-२३’ या बंडखोर गटाने पूर्व काँगोतले गोमा शहर घेतले, जिथे भारतीय शांतिसैनिक वर्षानुवर्षे राहिलेले आहेत. जूनमध्ये काँगो आणि रवांडाचा करार झाला तो वॉशिंग्टनमध्ये, आणि चर्चेत खनिजे होतीच. जगातले सत्तर टक्क्यांच्या आसपास कोबाल्ट आज काँगोतून येते. बहुतेक जुन्या कटांगातून, आणि तिथल्या मोठ्या खाणींपैकी कित्येक चिनी कंपन्यांच्या हाती आहेत. अमेरिकेने लोबितोच्या रेल्वेला पंचावन्न कोटी डॉलरचे कर्ज देऊ केले. चीनने सत्तरच्या दशकात बांधून दिलेली झांबिया-दारेसलाम रेल्वे एक चिनी कंपनी दुरुस्त करायला घेत आहे. एक अटलांटिककडे जाते, दुसरी हिंदी महासागराकडे. दोन्हींवरून जाणारे तांबे त्याच पट्ट्यातले.