बरे वाटले म्हणजे बरे झाले असे नाही

लंडनच्या वेम्बली अरिनामध्ये २६ मार्च २०१६ रोजी ब्रिटनच्या मिडलवेट अजिंक्यपदाची लढत झाली. एका बाजूला २५ वर्षांचा विजेता निक ब्लॅकवेल, दुसऱ्या बाजूला त्याला आव्हान देणारा ख्रिस यूबँक ज्युनिअर. ब्लॅकवेल फेरीमागून फेरी मार खात होता, पण पाय रोवून उभा होता. दोन फेऱ्यांमधल्या विश्रांतीत यूबँकच्या वडिलांनी मुलाला बजावले, की आता डोक्यावर मारू नकोस, अंगावर मार. दहाव्या फेरीत ब्लॅकवेलचा डावा डोळा सुजून बंद होत आला. डॉक्टरांनी तपासले, पंचांनी लढत थांबवली आणि थोड्याच वेळात ब्लॅकवेल कोसळला.

त्याच्या कवटीच्या आत रक्तस्राव झाला होता. रुग्णालयात त्याला औषधे देऊन बेशुद्धावस्थेत ठेवण्यात आले. शस्त्रक्रियेची गरज पडली नाही आणि आठवडाभराने तो शुद्धीवर आला. ब्रिटिश बॉक्सिंग बोर्डाने मात्र स्पष्ट केले, की तो यापुढे व्यावसायिक लढत खेळू शकणार नाही. ऐन उमेदीत, वैद्यकीय कारणावरून त्याला निवृत्त व्हावे लागले.

थोरल्या यूबँकचा इशारा उगाच नव्हता. २१ सप्टेंबर १९९१ रोजी लंडनमध्येच त्यांची मायकेल वॉटसनशी लढत झाली होती. बाराव्या फेरीत ती थांबवण्यात आली आणि वॉटसन कोसळला. त्या वेळी रिंगजवळ तातडीच्या उपचारांची पुरेशी सोय नव्हती. त्याला आधी नेले त्या रुग्णालयात मेंदूची शस्त्रक्रिया होत नसे. तेथून त्याला पुन्हा हलवावे लागले. वॉटसन ४० दिवस कोमात होता, त्याच्या मेंदूवर सहा शस्त्रक्रिया झाल्या. पुढे त्याने बोर्डावर दावा लावला आणि जिंकला. खेळाडूच्या सुरक्षिततेची जबाबदारी खेळ चालवणाऱ्या संस्थेवर आहे, हे न्यायालयाने मान्य केले. २००३ मध्ये वॉटसनने लंडन मॅरेथॉन सहा दिवसांत चालत पूर्ण केली.

ठोशाने नेमके होते काय? साधारण १४०० ग्रॅम वजनाचा मऊ मेंदू टणक कवटीत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. हनुवटीवर किंवा जबड्यावर आडवा ठोसा बसला, की डोके झटक्यात वळते. कवटी लगेच फिरते, मेंदू क्षणभर मागे राहतो. मेंदूच्या पृष्ठभागापासून बाहेरच्या जाड आवरणापर्यंत बारीक शिरा गेलेल्या असतात. त्या या ओढाताणीत तुटतात. रक्त साचत जाते. कवटीत जादा जागा नसल्याने दाब वाढतो आणि मेंदू दबला जातो. रिंगमधील मृत्यूंचे हे सर्वांत मोठे कारण आहे. हातमोजे बोटांची हाडे वाचवतात, चेहऱ्यावरच्या जखमा कमी करतात. पण डोक्याला बसणारा झटका थांबवत नाहीत.

यात फसवा भाग असा, की शिरेतून होणारा हा रक्तस्राव कधी कधी सावकाश होतो. माणूस उठतो, बोलतो, चालतो आणि काही वेळाने अचानक कोसळतो.

दुसरी फसगत त्याहून मोठी आहे. काही आठवड्यांनी रक्त शोषले जाते, डोकेदुखी थांबते, स्कॅनही चांगला दिसू लागतो. खेळाडूला वाटते, आता काहीच राहिलेले नाही. पण रक्त साचलेल्या जागी नाजूक, सहज फुटणाऱ्या नव्या रक्तवाहिन्यांचा पडदा तयार होऊ शकतो. एकदा दुखावलेल्या मेंदूची पुढचा मार सोसण्याची ताकदही कमी झालेली असते, आणि ही ताकद मोजणारे यंत्र नाही. म्हणूनच कवटीत रक्तस्राव झालेल्या बॉक्सरला ‘सहा महिन्यांनी बघू’ असे न सांगता ‘आता कधीच नाही’ असे सांगावे लागते.

ब्लॅकवेलच्या बाबतीत याचा पडताळा आठ महिन्यांतच आला. नोव्हेंबर २०१६ मध्ये, परवाना नसताना, तो एका सरावात प्रतिस्पर्ध्यासमोर उभा राहिला. त्यात त्याच्या मेंदूत पुन्हा रक्तस्राव झाला. या वेळी शस्त्रक्रिया करून कवटीचा भाग काढावा लागला. सामना नव्हता, प्रेक्षक नव्हते, किताब पणाला लागलेला नव्हता. ठोसा सरावातला की सामन्यातला, हे मेंदूला कळत नाही.

त्याला मूर्ख ठरवणे सोपे आहे. पण लहान वयापासून ज्याची ओळख, मित्र, कमाई सारे एका खेळातून आले, त्याला तो खेळ एका वाक्यात सोडायला सांगितला जातो. शरीर धडधाकट दिसते, आरशात काही खोट दिसत नाही. अशा वेळी निर्णय एकट्या खेळाडूवर सोडणे हा त्याच्यावरच अन्याय आहे. परवाना काढून घेतल्याने लढत थांबते, सराव थांबत नाही. तो थांबवण्याचे काम प्रशिक्षकाचे, जोडीदाराचे आणि घरच्यांचे. पुढे काय करायचे याचे उत्तरही त्याला त्याच वेळी मिळायला हवे.

मुहम्मद अलीचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी १९७७ मध्ये त्याची साथ सोडली. तपासण्यांचे अहवाल जवळच्या मंडळींना पाठवूनही कोणी दाद दिली नाही, असे ते सांगत. अली १९८१ पर्यंत लढत राहिला आणि १९८४ मध्ये त्याला पार्किन्सन्सचे निदान झाले. तो आजार केवळ ठोशांमुळे झाला का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. वर्षानुवर्षे डोक्यावर बसलेल्या माराने स्मृती, बोलणे आणि तोल बिघडतो, याबद्दल मात्र वाद नाही. अमेरिकी डॉक्टर हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ मध्येच बॉक्सरांमधील या विकाराचे वर्णन केले होते.

आपल्याकडे रिंगमध्ये उतरणारे थोडे. पण कबड्डी, कुस्ती, क्रिकेट खेळणारी मुले आणि दुचाकीवरून पडणारी माणसे घरोघरी आहेत. डोक्याला मार बसल्यावर ‘पाणी मार आणि खेळ’ हा सल्ला घातक आहे. क्रिकेटमध्येही २०१९ पासून डोक्याला मार लागून भोवळ आलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेता येतो. मार लागल्यावर गोंधळ, भोवळ, डोकेदुखी किंवा क्षणभर जरी शुद्ध हरपली, तर त्या दिवशी खेळ बंद. पहिले २४ तास कोणीतरी सोबत असावे. वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी, झोपेतून जागे करणे कठीण होणे, फिट येणे, हातापायात कमजोरी, बोलणे अडखळणे, नाका-कानातून पाणी किंवा रक्त येणे, यातले काहीही दिसले तर वेळ न दवडता सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. वृद्धांनी आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी साध्या पडण्यानंतरही डॉक्टरांना दाखवावे.

पुन्हा खेळायचे ते टप्प्याटप्प्याने आणि डॉक्टरांच्या परवानगीने. ‘मला आता काही होत नाही’ हे खेळाडूचे म्हणणे ऐकून घ्यावे. परवानगी मात्र त्यावर देऊ नये.