अबोल जिवाची पोटव्यथा

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. बंध, वध, छेद आणि अतिभारारोपण यांच्या जोडीला त्यांत अन्नपाननिरोध, म्हणजे आश्रित जिवाचे अन्नपाणी रोखणे, हाही आहे. घरात पॉमेरेनियन किंवा पगसारखा लहान कुत्रा असलेल्या श्रावक कुटुंबाला या अतिचाराचे भान रोजच ठेवावे लागते. कारण त्या जिवाला आपली भूक, तहान वा पोटदुखी शब्दांत सांगता येत नाही. ती त्याच्या देहावरून ओळखावी लागते.

आरंभीची चिन्हे सौम्य असतात. कुत्रा वारंवार ओठ चाटतो, लाळ गाळतो, अन्न हुंगून तोंड फिरवतो. पोटातील गुडगुड ऐकू येते. तो सतत जागा बदलतो किंवा पाठ वाकवून उभा राहतो. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच धरणे, ही एरवी खेळाच्या आमंत्रणाची मुद्रा होय. परंतु मलूल कुत्रा पुन्हा पुन्हा तसाच राहत असेल, तर पोटात कळ असण्याचा संभव असतो. पोटाला हात लागताच तो अंग आखडून घेतो वा गुरगुरतो. अशा वेळी त्याला रागावू नये.

लहान देहातील पाणी उलटी-जुलाबाने लवकर घटते. हिरड्या कोरड्या व चिकट होतात. मानेजवळची कातडी चिमटीत धरून सोडली असता सावकाश पूर्ववत होते. लहान जातीच्या पिल्लांची रक्तशर्करा उपाशी राहिल्याने झपाट्याने घसरू शकते. वारंवार उलट्या, रक्तमिश्रित वा डांबरासारखी काळी विष्ठा, फुगलेले पोट किंवा फिकट हिरड्या दिसल्यास पशुवैद्यांकडे तत्काळ न्यावे. लस न झालेल्या पिल्लास उलट्यांसह दुर्गंधीयुक्त रक्ताचे जुलाब झाल्यास पार्व्होची शंका घ्यावी. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन अशी माणसांची औषधे घरच्या घरी कदापि देऊ नयेत.

जैन स्वयंपाकात कांदा-लसूण वर्ज्य असल्याने कुत्र्याला अपायकारक असे दोन पदार्थ आपोआप टळतात. परंतु पारण्याच्या दिवशी प्रेमाने भरवलेला तुपाचा शिरा स्वादुपिंडाला सूज आणू शकतो; त्यातील बेदाणे मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. चॉकलेटही विषारीच. पुष्कळ प्रौढ कुत्र्यांना दूध पचत नाही.

उपवास हे स्वेच्छेने स्वीकारलेले तप आहे. कुत्र्याने तसे कोणतेही प्रत्याख्यान घेतलेले नसते. म्हणून पर्युषणात घरातील चूल थंड असली, तरी त्याचे जेवण वेळेवर व्हावे; आणि चौविहार पाळणाऱ्या घरातही सूर्यास्तानंतर त्याची पाण्याची वाटी भरलेली असावी.