दवंडी, हजेरीपट आणि हातातला मोबाईल



पूर्वी सरकारचा एखादा हुकूम गावात आला, की कोतवाल आळीआळीने दवंडी पिटीत असे. ज्याच्या कानी पडली त्याला कळले. जो रानात होता त्याचे राहिले. शिवाय दवंडीत बोलणार सरकार आणि ऐकणार आपण. उलट विचारण्याची सोय नव्हती. हिशेबाच्या वह्या तर कपाटात, कुलुपाखाली. "जरा दाखवा बघू" असे म्हणणारा माणूस गावात भांडखोर ठरायचा.

आज ते कुलूप पुष्कळ अंशी निघाले आहे. सरकारी हिशेब, नकाशे, याद्या, हवामानाचे आकडे संगणकावर सर्वांना पाहता येतील असे ठेवायचे, याला 'खुली माहिती' म्हणतात. पण ही किल्ली काही शहरातल्या संगणकवाल्यांनी आणलेली नाही, बरं का! ती आणली दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या मजुरांनी.

गोष्ट राजस्थानातली. तेथे 'मजदूर किसान शक्ती संघटन' या संस्थेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे लोकांसमोर जाहीर सुनावणी घेतली. अशा सुनावण्यांत कामाचे हजेरीपट सर्वांपुढे मोठ्याने वाचीत. कामावर कधी न गेलेल्यांची नावे निघत. कागदावर पुरी झालेली कामे जागेवर अर्धवट असत. ज्याला अक्षर येत नव्हते, त्यालाही आपले नाव ऐकून खरेखोटे सांगता येई. पुढे १९९६ साली ब्यावर गावी चाळीस दिवस धरणे झाले. मागणी एवढीच, की आमच्या गावच्या खर्चाचे कागद आम्हाला पाहू द्या. त्या वाटेने देशाचा माहिती अधिकार कायदा २००५ साली आला. महाराष्ट्राने आपला कायदा त्याआधीच, २००२ साली केला होता.

या कायद्याच्या चौथ्या कलमात एक मोलाची गोष्ट आहे. नागरिकाने मागण्याची वाट न पाहता कार्यालयाने आपण होऊन माहिती प्रसिद्ध करावी, असे ते सांगते. आजची खुली माहिती या विचाराच्या जवळची आहे. २०१२ साली केंद्र सरकारने त्यासाठी धोरण ठरविले आणि निरनिराळ्या खात्यांचे आकडे एका ठिकाणी ठेवण्यास सुरुवात केली.

आता आपल्या गावाकडे येऊ. २४ एप्रिल २०२० रोजी 'ई-ग्रामस्वराज' सुरू झाले. मोबाईलवर ते उघडावे. राज्य, जिल्हा, तालुका आणि आपली ग्रामपंचायत निवडावी. पंचायतीने वर्षाचा आराखडा काय केला, कोणते काम धरले, पैसे किती खर्ची पडले, हे तेथे दिसते. ते पाहण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

समजा, शाळेच्या कुंपणभिंतीवर खर्च झाल्याचे त्यात लिहिले आहे, आणि शाळेला अजून बाभळीच्या काट्यांचेच कुंपण आहे. मग काय करायचे? लगेच कोणाला चोर म्हणू नये. नोंद चुकली असेल, भिंत अंगणवाडीची असेल. ते पान उतरवून घ्यावे आणि ग्रामसभेत शांतपणे विचारावे. वर्षातून चार ग्रामसभा घेणे आपल्या राज्यात पंचायतीवर बंधनकारक आहे. तेथे उत्तर मिळाले नाही, तर दहा रुपये शुल्क भरून माहितीचा अर्ज करावा. साधारणपणे तीस दिवसांत उत्तर देणे कार्यालयास भाग आहे.

दुसरे उदाहरण सातबाऱ्याचे. गाव नमुना सात आणि बारा मिळून झालेला हा उतारा. त्यासाठी तलाठ्याच्या दारी किती खेटे पडत, हे तुम्हाला मी सांगायला नको. 'महाभूलेख'वर तो घरबसल्या पाहता येतो. २०१८ पासून डिजिटल सहीचा उताराही मिळू लागला. वर्षातून एकदा तरी आपला उतारा स्वतः वाचावा. नावातली चूक लवकर दिसली तर लवकर दुरुस्त होते. वाटणीच्या वेळी दिसली तर भावाभावांत कज्जा होतो.

तिसरे, हवामान. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतनिहाय पाच दिवसांचा अंदाज मिळण्याची सोय झाली. कांदा काढून ठेवलेल्या शेतकऱ्याला या माहितीची किंमत काय, ते वेगळे सांगावयास नको.

ही झाली सरकारकडून येणारी माहिती. आता उलटी दवंडी पाहू. म्हणजे आपण बोलायचे आणि सरकारने ऐकायचे. सुरेश प्रभू २०१४ ते २०१७ या काळात रेल्वेमंत्री असताना, चालत्या गाडीतले प्रवासी ट्विटरवर अडचण लिहीत आणि पुढच्या स्थानकावर मदत पोहोचल्याची उदाहरणे घडली. पोलीस, पालिका, जिल्हा प्रशासन हेही समाजमाध्यमांवर बोलू लागले. पण एक लक्षात ठेवा. समाजमाध्यमावर लिहिणे म्हणजे हाक मारणे. ती रीतसर तक्रार नव्हे. तक्रार योग्य ठिकाणी नोंदवावी आणि तिचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा. क्रमांक हातात असला, की पुढे विचारता येते. आणि आधार क्रमांक, खाते क्रमांक चारचौघांत लिहू नये. सरकारचा हिशेब उघडा असावा. आपली पेटी नव्हे.

शेवटी एक अडचण मोकळेपणाने सांगतो. संगणकावरचा आकडा, भरणाऱ्याने जसा भरला तसाच असतो. तो खरा की खोटा, हे यंत्राला कळत नाही; ते गावातल्या माणसाला कळते. शिवाय घरोघरी चांगला मोबाईल नाही, सर्वत्र रेंज नाही, म्हाताऱ्या माणसांना बारीक अक्षर दिसत नाही. म्हणून गुरुजींना आणि बाईंना विनंती आहे. सातवी-आठवीच्या मुलांना महिन्यातून एकदा पंचायतीचे एक पान वाचायला द्या. गणिताची बेरीज त्यातच होईल. मुलांनी ते खडूने फळ्यावर लिहावे, आणि ग्रामसभेच्या दिवशी मोठ्याने वाचावे.

कोट किरान्याच्या मजुरांकडे मोबाईल नव्हता. तेथे कोणी तरी वाचीत होते, आणि गाव ऐकत होते. माहिती खुली करणे हे सरकारचे काम. ती वाचणे आणि वाचून दाखविणे हे मात्र आपले.