मंद इंटरनेटचा काटकसरीने वापर

पावसाचा अंदाज वेळेवर मिळाला नाही, तर जालना जिल्ह्यातील कपाशी व मोसंबीवर केलेल्या फवारणीचे औषध आणि मजुरी दोन्ही वाया जातात. अनेक मोबाईल योजनांत दिवसाचा डेटा संपला की वेग सेकंदाला ६४ किलोबिटवर, म्हणजे जेमतेम ८ किलोबाइटवर येतो. या वेगाने ३ मेगाबाइटचे छायाचित्र पाठविण्यास सहा मिनिटांहून अधिक वेळ लागतो. साध्या मजकुरास एक-दोन सेकंद पुरतात. विहिरीचे पाणी कमी झाले की आधी गरजेच्या पिकास देतो, तसेच येथे करावे.

१. व्हॉट्सॲपवरील छायाचित्रे व चित्रफिती आपोआप उतरण्याची सोय बंद करावी.

२. हवामान विभागाचा कृषी सल्ला मंगळवारी व शुक्रवारी निघतो. डेटा शिल्लक असतानाच तो मजकुराच्या रूपात वाचावा.

३. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राकडे रोगट पानाचे एकच, जवळून घेतलेले स्पष्ट छायाचित्र पाठवावे. ‘एचडी’ पर्याय निवडू नये. साध्या प्रतीत छायाचित्र आपोआप लहान होते. सोबत पिकाचे वय, लक्षणे व आधीची फवारणी लिहावी.

४. मोठ्या चित्रफिती चांगले नेटवर्क असलेल्या ठिकाणी उतरवून घ्याव्यात व घरी सावकाश पहाव्यात.